दोन दारांचा संगणक

मुलांनो, आजची सुरुवात एका कोड्याने करू या.

एक घर आहे. त्याला दोन दारं आहेत. पुढचं दार एका गल्लीत उघडतं, मागचं दार दुसऱ्या गल्लीत. पुढच्या गल्लीतले लोक म्हणतात, "हे आमच्या गल्लीतलं घर." मागच्या गल्लीतले लोकही तेच म्हणतात. मग घर नेमकं कुठल्या गल्लीतलं?

"दोन्ही गल्ल्यांतलं!" शाबास. आता पुढचा प्रश्न. पुढच्या गल्लीतल्या एका माणसाला मागच्या गल्लीत जायचं आहे. तो या घरातून आरपार जाऊ शकेल का?

इथे वर्गात हमखास दोन तट पडतात. काही जण म्हणतात, "हो, दोन दारं आहेत ना!" काही म्हणतात, "छे! लोकांच्या घरातून असं कसं जायचं?" दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. घरातली माणसं दोन्ही दारांनी जा-ये करतील. पण बाहेरच्यांनी आरपार जायचं की नाही, हे घरमालक ठरवणार. त्याने मधलं दार उघडं ठेवलं, तर घराचा रस्ता झाला. लावून घेतलं, तर घर घरच राहिलं.

हे दोन दारांचं घर नीट लक्षात ठेवा. आज आपल्याला असाच एक संगणक बघायचा आहे.

तळवड्याचा प्रश्न

तळवड्याहून सहावीतल्या एका मुलीचा प्रश्न आला आहे. तिच्या घरी खाली वर्कशॉप आहे आणि वर सगळे राहतात. वर वाय-फाय आहे; त्यावर आईचा मोबाईल, दादाचा लॅपटॉप आणि टीव्ही चालतो. खाली दोन सीएनसी मशिनं आहेत. ती केबलने एका डबीला जोडलेली आहेत. म्हणजे एकाच घरात दोन वेगवेगळी जाळी, दोन नेटवर्क. बाबांचा संगणक मात्र एकच. कंपनीकडून ड्रॉइंग ई-मेलने येतं, म्हणून तो वरच्या वाय-फायला हवा. मशीनला प्रोग्रॅम पाठवायचा असतो, म्हणून तो खालच्या केबललाही हवा. तोवर बाबा पेनड्राइव्ह घेऊन जिना चढतात आणि उतरतात!

तिचे प्रश्न दोन आहेत. एकच संगणक दोन्हीकडे जोडता येतो का? आणि जोडला, तर दादाच्या गेममधून व्हायरस मशीनमध्ये जाईल का?

किती छान विचारलंय बघा! पहिला प्रश्न पुष्कळ जण विचारतात, दुसरा फार थोड्यांना सुचतो. आणि हा प्रश्न काही तिच्या एकटीचा नाही. भोसरी, चिखली, तळवडे, चाकण या पट्ट्यात अशी अनेक घरं आहेत. मोठ्या कारखान्यांत गाड्या जुळवल्या जातात, पण त्यांचे कितीतरी लहान भाग अशा वर्कशॉपमध्ये जॉबवर्कवर तयार होतात. तिथलं मशीन एक दिवस बंद राहिलं, तर त्या दिवसाचं काम गेलं. बँकेचा हप्ता मात्र मशीन बंद आहे म्हणून थांबत नाही.

तुमच्याकडे वर्कशॉप नसेल, तरी हा धडा तुमचाही आहे. वरच्या मजल्यावर काकांचं इंटरनेट वेगळं आणि खाली तुमचं वेगळं, असं असेल. किंवा दुकानाचं वेगळं आणि घराचं वेगळं. हिशेब सगळीकडे सारखाच.

पत्ता संगणकाचा नसतो, दाराचा असतो!

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, जोडता येतो. एक संगणक दोन जाळ्यांत आरामात राहू शकतो. त्याला फक्त दोन दारं हवीत.

संगणकाचं दार म्हणजे नेटवर्क कार्ड. जिथे केबल खोचतात ते एक दार. वाय-फायचं कार्ड हे दुसरं दार. आजच्या बहुतेक लॅपटॉपना वाय-फाय असतंच. केबलची जागा नसेल, तर यूएसबीला लावायची एक छोटी पट्टी बाजारात मिळते, तीही दारच. एका वाय-फाय कार्डावर साधारणपणे एका वेळी एकच वाय-फाय धरता येतं. म्हणून दोन जाळ्यांसाठी एक वाय-फाय आणि एक केबल ही जोडी सोयीची.

आता गंमत बघा. आपण म्हणतो, "या संगणकाचा पत्ता अमुक." पण खरं तर पत्ता असतो त्या कार्डाचा. दोन कार्डं, तर दोन पत्ते. आपल्या कोड्यातल्या घरासारखंच! पुढच्या दारावर पुढच्या गल्लीचा नंबर, मागच्या दारावर मागच्या गल्लीचा.

हे पत्ते कसे दिसतात? असे: १९२.१६८.१.२०. याला आयपी पत्ता म्हणतात. चार आकडे, मध्ये टिंब. प्रत्येक आकडा ० ते २५५ यांच्यामधला. घरगुती जाळ्यात बहुधा पहिले तीन आकडे मिळून गल्ली होते आणि शेवटचा आकडा म्हणजे घर नंबर. भोसरीत आपण गल्ली आणि घर सांगतो, निगडीच्या प्राधिकरणात सेक्टर आणि प्लॉट सांगतो, तसंच हे. १९२.१६८.१ ही गल्ली, २० नंबरचं घर.

पण संगणकाला कसं कळणार की गल्ली कुठे संपते आणि घर कुठे सुरू होतं? त्यासाठी पत्त्याच्या जोडीला आणखी एक ओळ लिहावी लागते: २५५.२५५.२५५.०. हिला सबनेट मास्क म्हणतात. जिथे २५५ आहे तो भाग गल्लीचा, जिथे ० आहे तो घराचा. सोपं आहे ना? अशा एका गल्लीत २५४ घरं मावतात. ० आणि २५५ हे दोन नंबर राखून ठेवलेले असतात.

एकच पत्ता लाखो घरांत

तुमच्यातला एखादा हुशार मुलगा घरचा मोबाईल बघून म्हणेल, "बाई, माझ्या घरीही १९२.१६८.१ हीच गल्ली आहे!" असणारच. गल्ली नंबर एक कुठल्या गावात नसते?

याला कारण आहे. असे आयपी पत्ते एकूण किती होऊ शकतात? ४,२९,४९,६७,२९६. म्हणजे जवळजवळ ४३० कोटी. आकडा मोठा वाटतो, पण जगाची लोकसंख्या ८०० कोटींहून जास्त आहे. प्रत्येक माणसाला एक द्यायचा म्हटलं तरी पुरणार नाही! ही अडचण इंटरनेटच्या जाणकारांनी आधीच ओळखली होती. फेब्रुवारी १९९६ मध्ये पाच जणांच्या नावाने एक नियम प्रसिद्ध झाला. त्यात ठरलं, की काही पत्ते फक्त घरातल्या आणि कंपनीतल्या वापरासाठी राखून ठेवायचे. ते कुणीही वापरावेत, पण बाहेरच्या इंटरनेटवर ते चालणार नाहीत. १९२.१६८ ने सुरू होणारे ६५,५३६ पत्ते हे त्यांतलेच.

त्या पाच जणांपैकी एक जण कुठे नोकरीला होता ठाऊक आहे? क्रायस्लर या अमेरिकेतल्या मोटार कंपनीत! मोटारींचे कारखाने आणि संगणकांची जाळी यांचं नातं आपल्या चाकणमध्येच नाही, सगळीकडेच आहे.

पुढे ३ फेब्रुवारी २०११ रोजी जगाच्या मुख्य साठ्यातले उरलेसुरले पत्तेही वाटून संपले. घरोघरच्या या राखीव पत्त्यांमुळेच आपलं काम इतकी वर्षं भागत आलं आहे.

पाकीट कुठल्या दाराने जातं?

संगणक जे काही पाठवतो, त्याचे तो छोटे छोटे तुकडे करतो. आपण त्यांना पाकिटं म्हणू. प्रत्येक पाकिटावर पत्ता असतो. तळवड्याच्या त्या संगणकाला दोन दारं आहेत. वाय-फायच्या दारावर पत्ता १९२.१६८.१.२० आणि केबलच्या दारावर १९२.१६८.२.२०. आता त्याच्या हातात पाकीट आलं. तो काय करेल?

तो एका छोट्या वहीत बघतो. वहीत तीन ओळी असतात:

१. पत्ता गल्ली १ मधला असेल, तर वाय-फायच्या दाराने.
२. पत्ता गल्ली २ मधला असेल, तर केबलच्या दाराने.
३. दोन्हींतला नसेल, तर वेशीकडे.

वेस म्हणजे गावाबाहेर जायचं दार. संगणकाच्या भाषेत गेटवे. घरातली वेस म्हणजे तो दिवे लुकलुकणारा राऊटर. बाहेरच्या जगातलं प्रत्येक पाकीट त्याच्यातूनच जातं.

या तीन ओळींतून दोन नियम निघतात. ते पाठच करून टाका.

पहिला नियम: दोन जाळ्यांच्या गल्ल्या वेगळ्या हव्यात. पुष्कळ राऊटर कारखान्यातून येतानाच एकाच गल्लीचा नंबर घेऊन येतात. समजा, वर आणि खाली दोन्हीकडे १९२.१६८.१ असेल, तर वहीतल्या पहिल्या दोन ओळी सारख्याच होतील. मशीनसाठीचं पाकीट संगणक वाय-फायकडे पाठवेल आणि म्हणेल, "मशीन सापडत नाही!" केबल धड, मशीन धड, तरी काम होईना. अशा वेळी केबल बदलत बसू नका. एका जाळ्याची गल्ली बदला. १ च्या जागी २ केलं की झालं.

दुसरा नियम: वेस एकच. दोन्ही दारांना गेटवे लिहून ठेवला, तर संगणक त्यांतला एक निवडतो. तो खालच्या वर्कशॉपचा निघाला, तर इंटरनेट बंद, कारण तिथून बाहेर रस्ताच नाही. म्हणून ज्या बाजूला इंटरनेट आहे, तिथेच गेटवे. दुसऱ्या बाजूची ती चौकट चक्क रिकामी सोडायची. परीक्षेत रिकामी जागा सोडली की गुण जातात; इथे मात्र पैकीच्या पैकी!

इंटरनेट याच युक्तीतून जन्मलं

ही युक्ती काही आजची नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेत संगणकांची वेगवेगळी जाळी होती. एक तारेवर चालणारं, एक रेडिओवर, एक उपग्रहावर. प्रत्येकाची रीत निराळी. ती एकमेकांशी बोलणार कशी? १९७४ मध्ये व्हिंट सर्फ आणि बॉब कान या दोघांनी एक लेख लिहून मार्ग सुचवला. दोन जाळ्यांच्या सीमेवर एक संगणक ठेवायचा, त्याचा एक पाय इकडे, एक पाय तिकडे. इकडचं पाकीट घ्यायचं, तिकडे द्यायचं. २२ नोव्हेंबर १९७७ रोजी कॅलिफोर्नियात एका फिरत्या गाडीतून निघालेली पाकिटं अशी तीन जाळी ओलांडून पोहोचली. १ जानेवारी १९८३ पासून अमेरिकेतल्या त्या मोठ्या जाळ्यावर हीच पद्धत पक्की झाली. 'इंटरनेट' या शब्दाचा अर्थच मुळी जाळ्यांचं जाळं.

आणि तुमच्या घरातला राऊटर? तोही एक छोटा संगणकच. त्याचं एक दार तुमच्या घरात, दुसरं इंटरनेट देणाऱ्या कंपनीच्या जाळ्यात. तोही दोन दारांचा! फरक एवढाच, की राऊटरला सांगितलेलं असतं, "पाकिटं इकडून तिकडे पोहोचव." तुमच्या साध्या संगणकाला तसं सांगितलेलं नसतं. विंडोज असो की लिनक्स, घरगुती संगणक आपण होऊन एका दाराचं पाकीट दुसऱ्या दाराने पाठवत नाही. त्याचं मधलं दार मुळात बंदच असतं.

म्हणजे आपल्या मैत्रिणीच्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळालं. बाबांचा संगणक दोन्हीकडे जोडला, तरी दादाच्या लॅपटॉपला मशीन दिसणार नाही.

पण हे अर्धंच उत्तर आहे हं! उरलेलं अर्धं एका खेळातून बघू.

वर्गात खेळून बघा

अकरा मुलं घ्या. पाच जण एका रांगेत बसा, ही गल्ली १. पाच जण समोरच्या रांगेत, ही गल्ली २. अकरावा मधोमध उभा राहील. त्याच्या छातीवर १.२० आणि पाठीवर २.२० असे दोन कागद लावा. तो आपला दोन दारांचा संगणक.

फेरी पहिली. मधल्याला सांगा, "येईल ती चिठ्ठी पुढे दे." आता गल्ली १ मधल्या एकाच्या हातात 'ताप' लिहिलेली चिठ्ठी द्या. ताप आला, की त्याने तशाच चिठ्ठ्या करून हात पोहोचेल त्या सगळ्यांना द्यायच्या. ज्याला मिळाली, त्यानेही तेच करायचं. दोन मिनिटांत काय होतं? अकराच्या अकरा आजारी!

फेरी दुसरी. मधल्याला सांगा, "स्वतःच्या नावाची चिठ्ठी तेवढी घे, बाकी कुणाची पुढे देऊ नकोस." शिवाय त्याच्या हातात 'लस' लिहिलेला कागद द्या. लस असली, की त्याला ताप येत नाही. आता मोजा. गल्ली १ मधले पाच जण आजारी, गल्ली २ मधले पाचही ठणठणीत.

फेरी तिसरी. मधल्याने दुसऱ्याची चिठ्ठी पुढे द्यायची नाही, हा नियम तसाच. पण लस काढून घ्या. आता तापाची चिठ्ठी त्याच्याच नावाने आली. तो स्वतः आजारी पडला. आणि आजारी माणूस काय करतो? स्वतःच चिठ्ठ्या वाटत सुटतो, दोन्ही गल्ल्यांत! पुन्हा अकराच्या अकरा आजारी.

कळलं ना? मधलं दार बंद असणं गरजेचं आहे, पण तेवढ्याने भागत नाही. मधला संगणक स्वतः निरोगी असायला हवा. कारण दोन्ही गल्ल्यांत हात पोहोचणारा तो एकटाच आहे. हे उत्तराचं दुसरं अर्ध.

उरणजवळच्या बंदरात काय झालं?

तुम्ही म्हणाल, "बाई, हे खेळात ठीक आहे. खरंच असं होतं का?" होतं. आणि लांब नाही, आपल्या महाराष्ट्रातच झालं आहे.

आपल्या भागातून सुटे भाग भरलेले कंटेनर ट्रेलरवर चढून उरणजवळच्या न्हावा शेवा बंदराकडे जाताना तुम्ही पाहिले असतील. हेच जेएनपीटी. २७ जून २०१७ रोजी तिथल्या गेटवे टर्मिनल्स इंडिया या धक्क्यावरचे संगणक बंद पडले आणि काम अडलं. हा धक्का मर्स्क या डेन्मार्कच्या जहाज कंपनीच्या समूहाकडून चालवला जात होता. 'नॉटपेट्या' नावाचा व्हायरस युक्रेन देशातल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून सुटला होता. तिथून तो जोडलेल्या जाळ्यांतून आपला आपण पसरत गेला. कुठे युक्रेन, कुठे उरण! कुणी पेनड्राइव्ह घेऊन आलं नाही. रस्ता उघडा मिळत गेला आणि तो चालत गेला.

मर्स्कच्या अध्यक्षांनी जानेवारी २०१८ मध्ये सांगितलं, की त्यांना ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत पुन्हा उभे करावे लागले. आणि त्यातली एक गोष्ट ऐका. या कंपनीच्या जाळ्याची जी मूळ नोंदवही होती, तिच्या जगभरातल्या प्रती एकदमच पुसल्या गेल्या. एकच प्रत वाचली, आफ्रिकेतल्या घाना देशातली. का? तर व्हायरस आला तेव्हा तिथली वीज गेली होती! तो संगणक जाळ्यात नव्हता, म्हणून वाचला. 'वायर्ड' या अमेरिकन मासिकात २०१८ मध्ये ही हकिकत छापून आली.

आपल्याकडे वीज गेली की आपण कुरकुर करतो. पण न जोडलेली एखादी वस्तू कधी सगळ्यांना कशी वाचवते, ते यातून दिसतं. म्हणून महत्त्वाच्या फायलींची एक प्रत संगणकापासून सोडवून कपाटात ठेवायची. वर्कशॉपचे प्रोग्रॅम असोत की तुमच्या सहलीचे फोटो.

मशीनला लस का मिळत नाही?

मोबाईलवर "अपडेट करा" अशी सूचना येते ना? ती म्हणजे लसच. पण कारखान्यातलं मशीन पंधरा-वीस वर्षं चालतं. त्याच्या आतला किंवा शेजारचा संगणकही तेवढाच जुना असतो. विंडोज एक्सपीला नेहमीची लस मिळणं ८ एप्रिल २०१४ रोजी थांबलं, विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२० रोजी. असे संगणक आजही कुठे कुठे मशीनच्या शेजारी इमाने इतबारे काम करत असतात. त्यांना लस मिळत नाही, म्हणून त्यांना गर्दीत न्यायचं नाही. घरातल्या आजीआजोबांना आपण साथीच्या दिवसांत जपत होतो, तसंच. मशीनचं जाळं वेगळं ठेवायचं ते यासाठी.

चला, जोडू या

हे काम बाबा, काका किंवा मशीनचे इंजिनिअर सोबत असतानाच करायचं. मशीन चालू असताना कुठल्याही केबलला हात लावायचा नाही. आपल्या एमआयडीसीला गुरुवारी सुट्टी असते, तो दिवस बरा.

१. आधी कागद आणि पेन्सिल घ्या. वरच्या जाळ्यात काय काय आहे, खालच्या जाळ्यात काय काय आहे, ते चौकोन काढून लिहा. मधोमध बाबांचा संगणक.

२. वरच्या राऊटरचा पत्ता बघा. समजा तो १९२.१६८.१.१ आहे. मग खालची गल्ली १९२.१६८.२ ठेवू.

३. खालच्या मशीनला १९२.१६८.२.१० आणि १९२.१६८.२.११ असे पत्ते द्या. मशीनमध्ये हे कुठे लिहायचं, ते इंजिनिअर काकांना विचारा.

४. बाबांच्या संगणकाच्या केबल कार्डाला १९२.१६८.२.२० द्या. मास्क २५५.२५५.२५५.०. गेटवेची जागा रिकामी! वाय-फायच्या बाजूला काही बदलायचं नाही. तिथला पत्ता राऊटर आपण होऊन देतो. टाइप करताना आकडे अर्थात इंग्रजी.

५. केबल १०० मीटरपेक्षा लांब नको. वरून खाली जायला इतकी लागणारही नाही.

६. आता परीक्षा. 'पिंग' नावाचा एक आदेश असतो. तो दिला, की संगणक हाक मारतो, "आहेस का रे?" आणि समोरचा म्हणतो, "आहे!" बाबांच्या संगणकावरून राऊटरला हाक मारा. उत्तर यायला हवं. मग मशीनला हाक मारा. उत्तर यायला हवं. काही यंत्रं हाकेला मुद्दाम ओ देत नाहीत. तिथे एखादा प्रोग्रॅम पाठवून बघा.

७. शेवटची परीक्षा सगळ्यांत महत्त्वाची. दादाच्या लॅपटॉपवरून मशीनला हाक मारा. उत्तर आलं नाही? टाळ्या वाजवा! हीच एक परीक्षा अशी आहे, की जिथे उत्तर न येणं म्हणजे पास होणं.

मधल्या संगणकाच्या चार सवयी

विंडोजमध्ये 'ब्रिज कनेक्शन्स' आणि 'इंटरनेट कनेक्शन शेअरिंग' अशा दोन सोयी असतात. नावं छान आहेत, पण ती मधलं दार उघडतात. ब्रिज केला, तर दोन गल्ल्यांची मिळून एकच गल्ली होते. आपल्याला ते नकोय. त्यांना हात लावायचा नाही.

अपडेट वेळच्या वेळी करायचं. फायरवॉल नावाचा रखवालदार बंद करायचा नाही. "तो मध्ये मध्ये येतो" म्हणून त्याला घरी पाठवू नका. मध्ये येणं हेच त्याचं काम आहे.

या संगणकावर गेम नाहीत, फुकटातलं सॉफ्टवेअर नाही, सापडलेला पेनड्राइव्ह नाही. ड्रॉइंग उघडणं, प्रोग्रॅम पाठवणं, बस्स.

आणि चौथी सवय: काम झालं, की खालची केबल काढून ठेवली तरी चालते. दार रोज उघडायचं असलं, तरी रात्री आपण कडी लावतोच ना?

पालकांसाठी दोन शब्द

मुलं गेम खेळतात म्हणून त्यांना रागावण्याआधी घरातल्या जाळ्याचा नकाशा त्यांच्याकडून काढून घ्या. कुठली वस्तू कुठे जोडली आहे, हे मोठ्यांपेक्षा मुलांना बरेचदा जास्त माहीत असतं. आणि ज्या मुलाला मशीन का जपायचं ते कळलं, तो बाबांच्या संगणकावर गेम टाकायच्या आधी दोनदा विचार करेल. वर्कशॉपचा संगणक आणि मुलांचा अभ्यासाचा संगणक शक्य असेल तर वेगळेच ठेवा. जुना लॅपटॉपही अभ्यासाला पुरतो, फक्त त्याला अपडेट मिळत असल्याची खात्री करून घ्या.

डोकं चालवा!

१. एका संगणकाला दोन केबल आणि एक वाय-फाय, तिन्ही वेगवेगळ्या जाळ्यांना जोडलेले आहेत. त्याला पत्ते किती?

२. मास्क २५५.२५५.२५५.० आहे. १९२.१६८.५.७ आणि १९२.१६८.७.५ हे शेजारी आहेत का?

३. काकांच्या दुकानात आणि घरात दोन्हीकडे १९२.१६८.० हीच गल्ली आहे. एकच संगणक दोन्हीकडे जोडायचा आहे. आधी काय कराल?

४. दोन्ही दारांना गेटवे लिहिला, आणि इंटरनेट गेलं. कुठल्या बाजूचा खोडाल?

उत्तरं: १. तीन, कारण दारं तीन. २. नाहीत, एक पाचव्या गल्लीत, दुसरा सातव्या. ३. एका जाळ्याची गल्ली बदलू. ४. ज्या बाजूला इंटरनेट नाही, त्या बाजूचा.

चारही बरोबर आली त्यांनी आपल्या घराच्या जाळ्याचा नकाशा वहीत काढून ठेवा. पुढच्या आठवड्यात तो लागणार आहे. राऊटर नव्या पाहुण्याला पत्ता कसा वाटतो आणि एकाच गल्लीत पत्ते वाटणारे दोघे आले तर कसा गोंधळ उडतो, ते तेव्हा बघू.